संडास कागदावर आणि संडास वस्तीत : कोण वंचित राहते ते शोधण्याची पाहणी कशी करावी

महाराष्ट्रात सामायिक संडासाचे प्रमाण देशाच्या तुलनेत किती जास्त आहे, हे २०११ च्या जनगणनेतून स्पष्ट झाले होते. सार्वजनिक शौचालयावर अवलंबून असलेली कुटुंबे देशात ३.२ टक्के होती, तर महाराष्ट्रात १२.९ टक्के; राज्यातील ५३.१ टक्के कुटुंबांकडे स्वतःच्या आवारात शौचालय होते आणि उरलेली ३४ टक्के उघड्यावर जात होती. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर घरोघरी शौचालये बांधली गेली. मात्र मुंबई-पुण्याच्या दाट वस्त्यांमध्ये दहा बाय बारा फुटांच्या खोलीत स्वयंपाक, मोरी आणि पाच-सहा माणसांची झोप एकत्र नांदते, आणि गल्लीखाली मलवाहिनी टाकायलाही वाव नसतो; तिथे सकाळची रांग हटली नाही. अशा वस्तीबद्दल महापालिकेच्या कागदावर ‘एक शौचालय, वीस सीट’ एवढी नोंद असते. त्या वीस सीटपर्यंत कोण पोचत नाही, कोणत्या वेळी पोचत नाही आणि कोणामुळे पोचत नाही, याची नोंद कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ती वस्तीलाच करावी लागते, आणि तीच कशी करावी हे येथे सांगायचे आहे.

हे मार्गदर्शन वस्तीतील बचत गट, मंडळे आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. दोनशे-तीनशे घरांच्या वस्तीत सहा-सात जणांच्या पथकाला असे काम तीन-चार आठवड्यांत पुरे करता येते. खर्च वह्या, झेरॉक्स आणि चहाचा. कष्ट मात्र पहाटे उठण्याचे आहेत.

सुरुवातीलाच ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ पथकात पक्का करून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजमापात अनेक कुटुंबे मिळून वापरतात असा संडास, तो कितीही पक्का आणि नेटका असला तरी, ‘मर्यादित’ या वर्गात धरला जातो. त्याच्या वरच्या ‘मूलभूत’ वर्गात जाण्यासाठी संडास कुटुंबाचा स्वतःचा असावा लागतो, आणि त्याही वरच्या ‘सुरक्षित’ वर्गासाठी मैल्याची पुढची विल्हेवाटही सुरक्षित व्हावी लागते. या कसोटीवर आपल्या बहुतेक वस्त्या नापास होतील. तरीही ती डोळ्यांसमोर ठेवावी, कारण फरशी बसवली आणि रंग मारला की प्रश्न सुटला, असे मानण्याची सवय कार्यालयांना जितकी आहे तितकीच वस्तीतल्या पुढाऱ्यांनाही आहे.

आधी जमीन आणि कागद

घरोघरी जाण्यापूर्वी वस्तीची जमीन कोणाच्या मालकीची आहे याचा शोध घ्यावा. शहरात नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि गावठाणाबाहेर सातबारा उतारा काढला की निम्मे चित्र स्पष्ट होते. जमीन महापालिकेची किंवा म्हाडाची असेल तर एक वाट असते. रेल्वे, बंदर, मिठागर किंवा वनखात्याची असेल तर साधी भिंत उभी करायलाही त्या खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते वर्षानुवर्षे येत नाही. त्यानंतर १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाखाली वस्ती घोषित झाली आहे की नाही, हे वॉर्ड ऑफिसात विचारावे. घोषित आणि अघोषित वस्ती एकाच नाल्याच्या दोन काठांवर असू शकतात, आणि एका काठाला सांडपाण्याची लाईन असताना दुसरा काठ खाडीतल्या खारफुटीचा आडोसा शोधत असतो.

कागदाच्या बाबतीत दोन गोष्टी पथकाला तोंडपाठ असाव्यात. पहिली अशी की, ‘तुमची झोपडी २००० नंतरची आहे, तुम्हाला काही मिळणार नाही’ हे उत्तर पाण्यापुरते तरी टिकत नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. आणि पाण्यावाचून संडास म्हणजे निव्वळ दुर्गंधीची खोली. दुसरी अशी की, स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी मार्गदर्शक सूचनांतच शौचालयाचा लाभ जमिनीच्या हक्काशी जोडू नये आणि वस्ती घोषित असो वा नसो, कुटुंबाला तो द्यावा, असे म्हटलेले आहे. घरगुती शौचालयासाठी या अभियानात केंद्राचे ४,००० आणि राज्याचे ८,००० असे १२,००० रुपये ठरले होते. पाहणीत एक रकाना यासाठी राखून ठेवावा : अर्ज केला होता का, केला असल्यास तो कोणत्या कारणाने परत आला, आणि ते कारण लेखी दिले की तोंडी. तोंडी नकारांची संख्या मोजली की खालच्या पातळीवर नियम कसा वाकवला जातो ते आपोआप दिसते.

ज्यांच्याकडे फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) आहे ते आणि ज्यांच्याकडे नाही ते, यांची गणती वेगळी ठेवावी. भाडेकरूंची तर नक्कीच वेगळी. मालक दुसरीकडे राहतो, खोली भाड्याने देतो, संडास बांधायला त्याची तयारी नसते. भाडेकरूची तयारी असली तरी मालकाच्या संमतीवाचून अर्ज पुढे सरकत नाही, आणि बांधलाच तर भाडे वाढते. जुन्या रहिवाशांची यादी करताना मंडळे भाडेकरूंना सरसकट वगळतात, आणि पाहणी करणारेही त्याच यादीवर विसंबले की वगळलेला माणूस दुसऱ्यांदा वगळला जातो.

पथक आणि नकाशा

पथकात निम्म्याहून अधिक बाया असाव्यात आणि प्रत्येक गल्लीतले किमान एक माणूस असावे. ज्या गल्लीत बाकीची वस्ती चहा पीत नाही त्या गल्लीतलेही असावे. किंबहुना पथकाची जुळवाजुळव तिथूनच करावी. केवळ शौचालय चालवणाऱ्या वस्तीतील कमिटीच्या माणसांचे पथक केले तर पाहणीतून कमिटीचे म्हणणे तेवढे हाती लागते.

नकाशा हाताने काढावा. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने उपग्रह-छायाचित्रे आणि घरोघरची माहिती यांची सांगड घालून पुणे, सांगली अशा शहरांत ‘एक घर, एक शौचालय’ हे काम केले आहे, आणि कोणत्या घरापर्यंत मलवाहिनी पोचू शकते हे आधी कळल्याचा मोठा फायदा त्यात झाला. आपल्याकडे तेवढी साधने नसली तरी कार्डशीटवर गल्ल्या, नळ, संडास, गटारे, दिव्याचे खांब, पायऱ्या आणि चढ-उतार एवढे काढता येते. त्यावर बायांना एक खूण करायला सांगावी : रात्री आठनंतर ज्या ठिकाणावरून जाणे टाळले जाते ती जागा. दारूचा गुत्ता, बंद पडलेला दिवा, कॅरमचा अड्डा, मोकाट कुत्री अशा जागा पुरुषांनी काढलेल्या नकाशात सहसा येत नाहीत. पुरुषांचा आणि बायांचा नकाशा वेगळा काढून घ्यावा आणि मगच दोन्ही शेजारी ठेवावेत.

संडासाजवळ उभे राहून

आता मोजणी. एक सुटीचा दिवस आणि दोन कामाचे दिवस निवडून पहाटे पाच ते नऊ आणि रात्री सात ते अकरा या वेळांत दोघांनी संडासाजवळ बसावे. बायांच्या बाजूला बायांनीच. किती जणी आल्या, किती जणी रांग पाहून परत गेल्या, किती सीट चालू आहेत, कडी कोणत्या दाराला नाही, दिवा आहे का, पाणी आत येते की डबा-बादली घरून आणावी लागते, हे पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत लिहावे. परत जाणाऱ्यांचा आकडा विसरू नये, कारण सरकारी पाहणीत तो कधीच नसतो.

सामूहिक शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानाचे प्रमाण ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असे आहे. हे प्रमाण पाळूनही रांग का राहते ते एका हिशेबातून पाहता येईल. समजा, शंभर कुटुंबांच्या वस्तीत २५० बाया व मुली आहेत आणि त्यांच्या बाजूला दहा सीट आहेत; कागदावर प्रमाण बरोबर जुळते. त्यांतील तीन सीट तुंबलेल्या आहेत, म्हणजे सात उरल्या. पहाटे साडेपाच ते साडेसात या दोन तासांतच बहुतेकींना नळाचे पाणी, डबे, शाळा आणि धुण्याभांड्याची कामे गाठायची असतात. एकीला सरासरी सहा मिनिटे धरली तर सात सीटमधून दोन तासांत १४० जणी जाऊ शकतात. उरलेल्या ११० जणी एक तर पहाटे चारला उठतात, किंवा दुपारपर्यंत थांबतात, किंवा आडोसा शोधतात. असा हिशेब आपल्या वस्तीच्या खऱ्या आकड्यांनी करून वॉर्ड ऑफिसात ठेवला की ‘सीट पुरेशा आहेत’ हे वाक्य पुन्हा उच्चारणे अवघड जाते.

इमारतही न्याहाळावी. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत स्वयंसेवी संस्थांच्या मार्फत चारशेहून अधिक सामूहिक शौचालये बांधली गेली. स्पार्क, महिला मिलन आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना यांनी बांधलेल्या शौचालयांत मुलांसाठी वेगळ्या छोट्या सीट, बाया-पुरुषांच्या वेगळ्या रांगा, पाण्याची टाकी आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली, अशा बारीकसारीक गोष्टी वस्तीतल्या बायांच्या अनुभवातून आल्या होत्या. मुलांच्या सीट नसल्या की पोरांना रांगेतून ढकलून देतात आणि ती गटारावर बसतात. त्यांचा मैला आई कागदात गुंडाळून टाकते, आणि मग वस्ती घाण ठेवते म्हणून दोष तिच्याच माथी येतो. हे सगळे एका सीटच्या उंचीवर अवलंबून असते.

घरोघरी विचारताना

‘तुमच्याकडे संडास आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. लोक हो म्हणतात, कारण नाही म्हणण्यात लाज असते आणि अनुदानाची किंवा दंडाची भीतीही. त्याऐवजी कालच्या दिवसाबद्दल विचारावे : काल पहाटे कुठे गेलात, किती वाजता, रांगेत किती वेळ गेला, रात्री गरज लागली तेव्हा काय केलेत, सोबत कोण आले, घरातल्या आजी कुठे गेल्या. कालचा दिवस सांगताना माणूस आदर्श उत्तर देत नाही, घडलेले सांगतो.

बायांशी बायांनी, सासूपासून सुनेला वेगळे बसवून बोलावे. या बोलण्यात चार-पाच गोष्टी हमखास निघतात आणि त्या लिहून घेण्याची घाई करू नये. रात्री लघवीसाठी घरातल्या मोरीचा वापर होतो, आणि मोरी स्वयंपाकाच्या ओट्याला लागून असते. अंधारात जावे लागू नये म्हणून बाया संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नाहीत, रात्री भात टाळतात. लघवी रोखून धरल्याने जळजळ होते, आणि डॉक्टरकडे ते सांगायला लाज वाटते. पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड टाकायला डबा नसल्याने ते पोटाशी लपवून घरी परत आणावे लागते. तरुण मुलगी एकटी जात नाही. तिच्याबरोबर आई किंवा धाकटा भाऊ जातो, म्हणजे एका मुलीच्या संडासाला दोन माणसांचा वेळ लागतो. नव्या सुनेला तर दिवसातून किती वेळा जायचे याचीही अलिखित मर्यादा असते. हे सारे प्रश्नावलीच्या चौकटीत बसणार नाही, म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या मागे एक कोरे पान ठेवावे.

पैशाचा प्रश्न थेट विचारावा. एका वेळचे तीन रुपये क्षुल्लक वाटतात. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून दोनदा जायचे ठरवले तर दिवसाचे तीस आणि महिन्याचे ९०० रुपये होतात, आणि घरकाम किंवा कचरावेचणी करणाऱ्या बाईच्या कमाईतून ते निघत नाहीत. मासिक कौटुंबिक पास असेल तर तो कोणाला मिळतो, भाडेकरूला मिळतो का, आणि पास असलेल्या घरातली पाहुणी आली तर तिला अडवतात का, हे पाहावे. हातात पैसे कोणाच्या असतात यावरही बरेच ठरते : नवरा रोज दहा रुपये मोजून देत असेल तर त्यातले संडासाला किती जातील याचा निर्णय बाईच्या हाती नसतो. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने नेमके हेच उजेडात आणले होते की पुरुषांना मुतारी फुकट असते आणि बायांकडून त्याच कामाचे पैसे घेतले जातात. आपल्या वस्तीतील शौचालयाच्या दारावरचा दरफलक आणि प्रत्यक्षात घेतले जाणारे पैसे दोन्ही टिपावेत. त्यांत फरक नसेल तर ती मोठीच नवलाई समजावी.

अपंग, म्हातारी आणि आजारी माणसे, तसेच गरोदर बाया यांच्या घरी वेगळा वेळ काढून जावे. तीन पायऱ्या आणि उकिडवे बसण्याचे भांडे, एवढ्यानेच एखादी आजी महिनोन्‌महिने घरातल्या प्लास्टिकच्या डब्यावर विसंबून राहते आणि तो डबा सून उचलते. तृतीयपंथी व्यक्तींना कोणत्या बाजूला जावे हा प्रश्न रोज पडतो. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांचा निर्देश दिलेला आहे, हे अहवालात लिहावे. पण वस्तीत त्यांना काय हवे आहे ते त्यांनाच विचारावे, कारण वेगळी पाटी लावलेल्या दारात शिरणे काहींना अधिक धोक्याचे वाटते.

जात विचारायची कशी

पाहणीतला सर्वांत अवघड भाग हा आहे, आणि बहुतेक अहवाल त्याला ‘सामाजिक गट’ असे गुळगुळीत नाव देऊन पुढे सरकतात. गावात गावकुसाबाहेरची वस्ती दिसते. शहरात तेच कुंपण गल्लीच्या वळणावर असते. दारात उभे राहून जात विचारली तर संशय निर्माण होतो. म्हणून आधी माहिती गल्लीनिहाय गोळा करावी आणि नंतर तिची तुलना करावी : संडास कोणत्या गल्लीला चिकटून आहे, त्याची टाकी कोणाच्या दारात उघडते, नवा संडास कोणत्या गल्लीने ‘आमच्या समोर नको’ म्हणून हटवला आणि तो सरकत सरकत कोणाच्या समोर येऊन थांबला. चावी कोणत्या गल्लीत राहते आणि कोणत्या गल्लीतल्या पोरांना ‘तुम्ही घाण करता’ म्हणून हाकलले जाते, याचीही नोंद करावी. एवढे नकाशावर मांडले की जातीचा रकाना न भरताही ती दिसू लागते.

पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या पालांवर आणखी निराळी परिस्थिती असते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय रद्द झाला नाही. रात्री अंधारात परसाकडे गेलेल्या माणसाला चोर समजून हटकले जाते, आणि रेशनकार्ड किंवा जातीचा दाखला नसल्याने अनुदानाच्या अर्जापर्यंत ही कुटुंबे पोचतच नाहीत. अशा पालांची घरे कायम नसल्याने ती यादीतून गळतात. साखर कारखान्याच्या हंगामात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचेही असेच होते. त्यांच्या मूळ गावी घरात संडास असू शकतो आणि सरकारी नोंदीत ते ‘लाभार्थी’ असू शकतात, पण वर्षातले चार-पाच महिने ती बाई उसाच्या फडाच्या कडेला जाते. म्हणून ‘वर्षभर इथेच असता का?’ हा प्रश्न सुरुवातीलाच असावा.

संडास साफ कोण करते, हेही विचारावे. उत्तर बहुतेक ठिकाणी मेहतर, वाल्मिकी, रुखी, मेघवाळ अशा जातींतली माणसे असे येते. हे काम जातीला कसे चिकटून राहिले आहे ते समजून घ्यायचे तर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी हाती घेतलेले काम आठवावे : जे संडास सफाई करणाऱ्याला मैला हाताळायला लावणार नाहीत असे संडास रचण्याचा त्यांचा प्रयत्न होता, म्हणजे जातीचा प्रश्न त्यांनी भांड्याच्या आणि खड्ड्याच्या रचनेतून पकडला होता. आज वस्तीत सफाईची ‘व्यवस्था’ झाली असे सांगितले जाते तेव्हा त्या माणसाला महिन्याला किती मिळतात, पैसे कोण देते, हातमोजे आणि बूट आहेत का, आणि त्याला त्याच वस्तीत पाणी प्यायला कोण देते, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. सफाई करणारा दोन महिने पगाराविना राहिला आणि येईनासा झाला की तुंबलेल्या सीटचे खापर ‘वस्तीतल्या लोकांना वापरायची अक्कल नाही’ यावर फोडले जाते. पगाराची वही आणि तुंबलेल्या सीटची नोंद यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

मैला पुढे कुठे जातो

भांड्यातून पाणी टाकले की संडास संपतो, असे वापरणाऱ्याला वाटते. पाहणी करणाऱ्याने मागच्या बाजूला जावे. पाइप मलवाहिनीला जोडला आहे, सेप्टिक टँकला, की थेट नाल्याला? टँक असेल तर शेवटचा कधी उपसला, सक्शन गाडी गल्लीत शिरते का, आणि शिरत नसेल तर टँक कोण आणि कसा उपसतो? माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवले जात असेल तर उतरवणाऱ्याचा तो गुन्हा आहे : हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करवून घेण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. वस्तीच्या कमिटीने पैसे वाचवण्यासाठी खासगी माणूस उतरवला तर जबाबदारी कमिटीवरही येऊ शकते. पदाधिकाऱ्यांना हे सांगितले की सक्शन गाडीसाठी पाठपुरावा एकदम वेग घेतो.

चावी, कमिटी आणि हिशेब

मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात शौचालयाची देखभाल वस्तीतील नोंदणीकृत संस्थेकडे देण्याची पद्धत रुजली. कल्पना चांगली होती, पण संस्थेच्या नावाखाली एकच घराणे वर्षानुवर्षे चावी सांभाळते, असेही चित्र दिसते. पदाधिकाऱ्यांची नावे, शेवटची निवड कधी झाली, बाया किती आणि त्या खरोखर बैठकीला बसतात की सही पुरत्या असतात, वीज व पाण्याचे बिल घरगुती दराने येते की व्यावसायिक, आणि वरच्या मजल्याची खोली वर्गासाठी वापरली जाते की भाड्याने दिली आहे, हे विचारताना सूर भांडणाचा ठेवू नये. बिल व्यावसायिक दराने येत असेल तर कमिटीची तक्रारही रास्त असते आणि पासचा दर वाढण्यामागे तीच असू शकते. अशा वेळी कमिटी आपली विरोधक राहत नाही, मागणीत सहभागी होते.

अहवाल आणि मागणी

माहिती गोळा झाल्यावर ती आधी वस्तीत वाचून दाखवावी, बायांच्या बैठकीत वेगळी आणि सर्वांच्या बैठकीत वेगळी. कोणाचेही नाव, घरक्रमांक किंवा फोटो त्यात येऊ देऊ नये. ‘मधल्या गल्लीतली एक सून’ एवढ्या वर्णनानेही ती ओळखू येते, हे लक्षात ठेवावे.

वॉर्ड ऑफिसात द्यायचा अहवाल चार पानांहून मोठा नसावा. पहिल्या पानावर नकाशा आणि सीटचा हिशेब, दुसऱ्यावर वगळले जाणारे गट आणि प्रत्येक गट कोणत्या कारणाने वगळला जातो ते, तिसऱ्यावर मैल्याची वाट आणि सफाई करणाऱ्यांची स्थिती, चौथ्यावर मागण्या. मागणी ‘स्वच्छता सुधारावी’ अशी मोघम कधीही लिहू नये. ‘बायांच्या बाजूच्या तीन तुंबलेल्या सीट पंधरा दिवसांत दुरुस्त कराव्यात, सहाव्या खांबावरचा दिवा सुरू करावा, पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवावा, भाडेकरूंना पास नाकारू नये, एक सीट कमोडची करून पायऱ्यांशेजारी उतार बांधावा’ असे लिहावे. स्वस्त आणि लगेच होणाऱ्या मागण्या वर ठेवाव्यात. दिवा लागला आणि कड्या बसल्या की वस्तीचा पाहणीवरचा विश्वास वाढतो, आणि घरगुती जोडणी किंवा नव्या इमारतीसारख्या लांबच्या मागणीसाठी लोक टिकून राहतात. बायांच्या स्वच्छतागृहांबद्दल पुण्यातील ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना निर्देश दिलेले आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करावा.

उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून केलेल्या या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘शौचालय का दुरुस्त होत नाही?’ असे कारण विचारू नये, त्याला उत्तर टाळता येते. देखभालीचे कंत्राट कोणाकडे आहे, कार्यादेशाची प्रत, मागील दोन वर्षांत दिलेली बिले आणि टँक उपसल्याच्या नोंदवहीची प्रत, असे कागद मागावेत. कागदावर महिन्यातून दोनदा उपसा झालेला आणि वस्तीच्या वहीत वर्षातून एकदा, असा फरक निघाला तर पुढची बैठक कोणत्या टेबलावर घ्यायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

हीच पाहणी एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत करावी. मे महिन्यात पाणी आटलेले असते आणि डब्याची रांग नळावर लागते. जुलैत टँक भरून वर येतो, नाल्याकाठच्या खालच्या गल्लीत मैला घरात शिरतो आणि नकाशावरची वगळलेल्या घरांची खूण दुप्पट होते. एकाच मोसमातली मोजणी ठेवली तर कार्यालय दुसऱ्या मोसमाचे कारण पुढे करते. दोन्ही मोजण्यांच्या वह्या आणि मूळ नकाशा बचत गटाच्या पेटीत ठेवावा, आणि एक झेरॉक्स पालिकेच्या शिक्क्याची पोच असलेल्या अर्जाला टाचून दुसऱ्या घरात ठेवावी, कारण खालच्या गल्लीत पाणी शिरते तेव्हा सगळ्यात आधी कागद भिजतात.